फोनवर मॅडम, दारात आजी

नवरा गेल्यानंतर दोन वर्षांनी आमच्या भाड्याच्या घराच्या मालकाने ते पाडून नवं बांधायला काढलं. मुलगा म्हणाला, "आई, आता पुण्यालाच ये." गेले. काही महिने राहिलेही. सून चांगली, घर चांगलं. पण दुपार झाली की मला सोलापूर आठवायचं. मी परत आले आणि एका मैत्रिणीकडे मुक्काम ठेवून घर शोधायला लागले. तेव्हा मी अडुसष्ट वर्षांची होते.

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केल्यामुळे माझा आवाज अजून खणखणीत आहे. फोनवर एजंट म्हणायचा, "या की मॅडम, होटगी रोडला लई झकास दोन खोल्या हायेत." समोर गेले की मॅडमची आजी व्हायची.

"आजी, राहणार कोण?"

"मी."

"अन् बरोबर?"

"कुणी नाही."

मग ती खोली नेमकी सकाळीच गेलेली असायची.

एका मालकाने मात्र स्पष्ट सांगितलं. "राग मानू नका, पण या वयात रात्री-अपरात्री काही झालं तर जबाबदारी कुणाची?"

मी म्हटलं, "तुमचा वरचा भाडेकरू आत्ताच मोटरसायकल वाऱ्यासारखी पळवत गेला. त्याची जबाबदारी कुणाची?"

त्यांनी पंखा मोठा केला आणि चहाचं विचारलं.

मुलाला हे कळल्यावर तो फोनवर म्हणाला, "करार माझ्या नावावर करू. मालकाशी मी बोलतो."

"तू बोलायचं नाहीस," मी म्हटलं. "तुझ्या शाळेत, कॉलेजात, दवाखान्यात सगळीकडे मी सही केली. आता माझ्या घराला तुझी सही कशाला?"

तो म्हणाला, "बरं. घर मिळालं की कळव."

अखेर विणकरांच्या वस्तीत एका घराचा वरचा मजला रिकामा असल्याचं कळलं. या वेळी आधी फोन केलाच नाही, थेट दारात उभी राहिले. मालकीणबाई चाळिशीच्या, घरात तेलुगू बोलणाऱ्या. त्यांनीही तेच विचारलं, "आजारी पडलात तर?"

"डॉक्टरकडे जाईन. तुम्ही कुठं जाता?"

बाई खळखळून हसल्या. "जिना लई उभा हाय हो पण."

मी जिना चढले. वर पोचेपर्यंत गुडघ्यांनी चांगलाच आवाज दिला आणि मी तो लपवला नाही. "दुखतात," म्हटलं, "पण चढतात." गॅलरीतून खाली धुऊन वाळत घातलेल्या चादरी दिसत होत्या. मला खोल्या आवडल्या. करार झाला, सही माझी.

पहिले काही दिवस बाई रोज सकाळी काहीतरी निमित्त काढून वर यायच्या. कधी कोथिंबीर, कधी नुसतंच "झोप लागली का?" एके दिवशी मी दार उघडूनच म्हटलं, "जिवंत आहे. चहा टाकू?" त्या आधी लाजल्या, मग बसल्या. आता चहालाच येतात.

गेल्या आठवड्यात नळाला पाणी आलं आणि खालच्यांनी मोटर लावून सगळं ओढलं. माझी टाकी कोरडी. मी जिन्यातूनच आवाज चढवला, बाईंनीही चढवला. अर्धी गल्ली ऐकत होती. आम्ही पाण्याच्या वेळेवरून, मोटरवरून, एकमेकींच्या स्वभावावरूनही भांडलो. माझ्या वयाचा विषय त्यात कुठंच निघाला नाही.