सासुरवाडीचा पखवाज आणि माझे स्पीकर

"तमाम श्रीरामपूरकरांस कळवण्यात येते की, आमच्या हॉलमधले दोन नवे स्पीकर राहणार की परत जाणार, याचा निकाल येत्या रविवारी लागेल."

ही घोषणा मी उभं राहून, घसा साफ करून केली. श्रीरामपूरकरांपैकी हजर एकटी बायको. ती मेथी निवडत होती.

"परतच जाणार," ती म्हणाली. "माझं शिलाई मशीन गॅलरीत धूळ खातंय."

दुकानदाराने आठ दिवस दिले होते; नंतर तो परत घेणार नव्हता. मला ते मनापासून हवे होते, पण आवाज पटल्याशिवाय ठेवणार कसे? जाणकार म्हणतात, जो आवाज तुम्हाला पाठ आहे तोच लावून स्पीकर पारखावा. ते परदेशी व्हायोलिनं लावतात. मला व्हायोलिन कुठलं पाठ असायला?

मला कुकर पाठ होता. तीन शिट्ट्या रेकॉर्ड करून दुपारी लावल्या. बायको झोपेतून उठून गॅस बंद करायला धावली. कुकर पास. मग कारखान्याचा अकराचा भोंगा. साडेदहाला लावलेल्या त्या भोंग्यावर शेजारच्या काकांनी घड्याळ पुढे केलं. भोंगाही पास.

खरी परीक्षा पखवाजाची. माझी सासुरवाडी शेवगावजवळ. तिथल्या गेल्या सप्ताहात, पखवाजापासून दोन हातांवर बसून, सारं लक्ष मोबाइलच्या पडद्यावर ठेवून मी सगळं भजन रेकॉर्ड केलं होतं. वाजवणारा बायकोचा चुलतभाऊ. त्याचा 'धा' वीस वर्षं माझ्या पोटात घुमतोय. स्पीकरमधून मात्र तो भिजलेल्या गोणीवर थाप मारल्यासारखा येई. मी सोफा सरकवला. स्पीकरखाली विटा ठेवल्या. भिंतीला गोधडी टांगली. गोणी ती गोणीच.

शनिवारी जड मनाने स्पीकरची खोकी माळ्यावरून खाली काढली, आणि तेवढ्यात बहिणीला भेटायला तोच चुलतभाऊ दारात हजर. खोकी कशाला काढली ते मी त्याला सांगितलं.

"दाजी, पाठवायच्या आधी एकदा ऐकवा की मला."

मी भजन लावलं. तो डोळे मिटून बसला. एकदम त्याने बोट वर केलं.

"हितं कणीक सुटली. आता मी अंगठ्यानं दाबली... ऐकलं? हां, परत सुटली. लई खरं बोलतंय हो हे यंत्र."

पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणकेचा गोळा थापतात, त्यावरच तो घुमतो. ती कणीक साधी, नुसत्या पाण्यात मळलेली लागते.

"त्या दिवशी कणीक कुणी आणल्ती?" त्याने डोळे उघडून विचारलं.

त्या दिवशी त्याने कणीक मागताच, जावई असूनही किती कामाचा आहे हे दाखवायला, मीच टुणकन उठून स्वयंपाकघरात पळालो होतो.

"मी आणली. परातीत तयारच होती."

"तेल-मीठ घातलेली? चपात्यांची?"

"असेल."

"मग ती चामड्याला काय धरणार, दाजी? स्पीकर ठेवा. परत द्यायचंच असलं तर कणीक आणणारा माणूस द्या."

मी खोकी पुन्हा माळ्यावर चढवू लागलो. खाली बायको कपाळाला हात लावून उभी होती.

"तरी म्हटलं परातीतला गोळा गेला कुठं. मी दिवसभर माहेरच्या त्या बिचाऱ्या कुत्र्याला शिव्या घातल्या."