वांग्याची गाय

शनिवारी सकाळी गार्डनमधलं गवत कापायला लागू नये म्हणून मी लेस्टरमध्ये जपानी शिकायला लागलो. जपानी जेमतेम आलं. किस्से मात्र घरात मावेनात. बायको म्हणते, यातलं निम्मं तू रचतोस. बरं, निम्मंच सांगतो.

क्लास लायब्ररीच्या वरच्या खोलीत. शिकवायला हयाशी सेन्सेई, सत्तरीच्या, आवाज कधी चढत नाही. आणि क्लासमध्ये खरी गरज एकट्या सुलभाताईंना. त्या रिटायर्ड भूलतज्ज्ञ. मुलगा निखिल ओसाकाला, सून एमी तिकडचीच. सहा वर्षांच्या हानाला फक्त जपानी येतं आणि व्हिडिओ कॉलवर आजी दिसली की ती सोफ्यामागे पळते. "एक वाक्य बोलू दे रे माझ्याशी," ताई म्हणायच्या, "बाकी काही नको."

पहिला किस्सा बुटांचा. खोलीबाहेर बूट काढायचे आणि टोकं दाराकडे वळवून ठेवायची, ही तिकडची पद्धत. आम्ही हमखास विसरायचो. पण निघताना बघावं तर सगळे बूट नीट वळवलेले. सेन्सेई करतात असं आम्हाला वाटायचं. एकदा त्यांनीच बूट वळवल्याबद्दल आमचे आभार मानले. तेव्हापासून जिना उतरताना आम्ही सगळेच मोघम थँक यू म्हणतो.

मग नागपूरचा नीलेश. सेन्सेईंनी सांगितलं होतं, फोनवर हॅलोऐवजी 'मोशी' दोनदा म्हणायचं. जुने लोक मानतात की माणूस नसलेल्याला ते एकदाच म्हणता येतं. नीलेशनं वर्षभर चेष्टा केली. एकदा बसमध्ये त्याचा फोन वाजला. यानं ऐटीत "मोशी मोशी" म्हटलं. पलीकडून बाईचा आवाज आला, "मोशी." पुढे काही नाही. हल्ली नीलेशला फक्त मेसेज करायचा.

माझ्यावरही एकदा वेळ आली. ताईंनी क्लासला मसालेभात आणला होता. मी वाटीतल्या भातात चॉपस्टिक्स उभ्या खोचल्या आणि लिंबू आणायला उठलो. सेन्सेईंनी त्या उपसल्या. असा भात मेलेल्या माणसापुढे ठेवतात म्हणाल्या. मी हसून म्हटलं, अजून एक घासही खाल्ला नाही मी. त्यांनी वाटी माझ्याकडे वळवली. बरोब्बर एका घासाचा खड्डा होता.

आणि गेल्या ऑगस्टमधलं हे. निखिल, एमी आणि हाना सुट्टीला ताईंकडे आले. ताईंनी वाक्यं घोटून ठेवली होती. पोरगी ऐकायची आणि आईमागे जायची. ताई क्लासला येऊन नुसत्या बसून राहायच्या.

एक दिवस हानानं फ्रिज उघडला, काकडी आणि वांगं उचललं, दोन्हींना टूथपिकचे पाय लावले आणि खिडकीत उभी केली. ताई खूश झाल्या. निदान माझ्या फ्रिजला तरी हात लावला, म्हणाल्या.

तीन-चार दिवसांनी मी जेवायला गेलो. ताईंनी भाकरी आणि भरीत केलं होतं. बाजारातून वांगं आणायचं राहिलं, म्हणून खिडकीतलंच घेतलं होतं. पाय उपटून गॅसवर भाजलेलं. भरीत झकास होतं. मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

एमीनं विचारलं, हानाची गाय कुठे गेली? ताईंनी हसत पातेल्याकडे बोट दाखवलं. एमीचा हात ताटात थांबला. मग तिनं हळू आवाजात सांगितलं, की गेलेली माणसं या दिवसांत घरी येतात. येताना लवकर यावीत म्हणून काकडीचा घोडा. परत जाताना सावकाश जावीत म्हणून वांग्याची गाय.

डॉक्टर, म्हणजे ताईंचे मिस्टर, हाना जन्मायच्या आधीच गेले होते.

हाना खुर्चीवरून उतरली. पहिल्यांदाच आपणहून आजीजवळ गेली, तिचा हात धरला आणि सावकाश जपानीत, आम्हा दोघा क्लासवाल्यांनाही कळेल असं, एक पूर्ण वाक्य बोलली.

"आजी, आजोबा विचारतायत, आता परत कसं जायचं?"

ती बघत होती माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे. मी कोपर हळूच आत घेतलं.

ताईंनी नातीचा हात घट्ट धरला. मग त्याच खुर्चीकडे वळून म्हणाल्या, "अहो, राहा की मग."