चूक त्याची नव्हती

हे वाणीच्या धन्या, मुक्याच्या ओठांत शब्द ठेवणाऱ्या दयाघना, तुला वंदन! तू माणसाला भाषा दिलीस ती एकमेकांच्या काळजापर्यंत पोहोचण्यासाठी. तिच्या आड लपणाऱ्यांचा हिशेब तुझ्याकडे आहेच. पण कधी कधी तो चुकता करायचे काम तू एखाद्या बाईच्या हाती सोपवतोस. अशाच एका पाट्या रंगवणाऱ्या बाईची ही कथा. तिला सगळे पेंटरताई म्हणत.

पेंटरताईचा धाकटा भाऊ पत्र्याचे डबे करणाऱ्या कारखान्यात पत्रा दाबून कापणाऱ्या प्रेसवर होता. त्या प्रेसपुढे हात आत जाऊ नये म्हणून जाळी असे. माल लवकर निघावा म्हणून कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी, म्हणजे मुख्य इंजिनियरांनी, ती काढायला लावली. काढली मिस्त्रीने. आणि एका दुपारी भावाच्या उजव्या हाताची बोटे गेली.

चौकशी झाली. अंगणात सगळ्यांना उभे करून साहेबांनी निकाल वाचला: "परिचालकाच्या मानवी-घटकजन्य प्रमादामुळे संरक्षक आवरणाचे अनियोजित विस्थापन होऊन अंगुली-यंत्र संपर्क घडला."

हाताला पट्टी गुंडाळलेला भाऊ शेजारच्या कारकुनाला हळूच म्हणाला, "म्हणजे काय हो?"

"म्हणजे तुझी चूक."

बस्स! मिस्त्रीने रडत रडत खरे काय ते घरी येऊन सांगितले, तरी भावाच्या मनातून ते दोन शब्द निघेनात. "एवढे शिकलेले लोक, एवढं लांबलचक बोलले, ते उगाच का ताई?" असे म्हणून तो मान खाली घाली. कारखान्याने त्याला फाटकावर बसवले, तिथेही त्याची मान खालीच. बोटे गेल्याचे दुःख ताईने पचवले असते. पण भावाची खाली गेलेली मान तिला पचेना. त्या अंगणात जे बोलले गेले, ते त्याच तोंडातून, त्याच माणसांसमोर परत घ्यायला लावायचे, एवढा एकच निखारा तिने वर्षानुवर्षे पदराआड जपला. देवापुढे हात जोडले तरी मागणे तेच.

आणि देवाने ऐकले. प्रेसजवळच्या भिंतीवर सूचना रंगवायला कारखान्याने तिलाच बोलावले. ती कोणाची बहीण, हे साहेबांच्या गावीही नव्हते.

"लिहा," ते म्हणाले, "यंत्र-परिचालन कालावधीत संरक्षक आवरणाचे अपसारण सक्त प्रतिबंधित."

"साहेब, कळेल का हे कोणाला?"

"तुम्हाला अर्थाशी काय करायचंय, बाई? अक्षरं तेवढी सुबक काढा."

"सुबकच काढते," ताई म्हणाली. शेजारी उभ्या मिस्त्रीने मान फिरवली. त्याला तिच्या आवाजातली धार ओळखू आली.

तिने दोरीला खडू लावून भिंतीवर रेघा मारल्या, अक्षरे आखली, लाल रंग भरला आणि वरून चादर सोडली. "रंग ओला आहे, धूळ बसेल," असे सांगून तिने कोणाला डोकावू दिले नाही. त्या कारखान्याची रीत अशी, की नवी पाटी साहेबांनी मोठ्याने वाचायची आणि कामगारांनी मागून म्हणायची. ताईला ही रीत पक्की ठाऊक होती. तिने फाटकावरून भावालाही बोलावून घेतले.

चादर सरली. साहेबांनी चष्मा चढवला. "ही जाळी काढू नका."

"ही जाळी काढू नका!" सगळे गरजले.

"पूर्वी मोठ्या साहेबांनी..." सवयीने जीभ पुढे गेली आणि तिथेच अडकली.

"पूर्वी मोठ्या साहेबांनी!" सगळ्यांनी म्हटले आणि पुढच्या शब्दांची वाट पाहत उभे राहिले.

भिंतीवर पुढे होते, 'ती काढायला लावली आणि एकाची बोटे गेली.' साहेबांनी नजर वळवली. "या मजकुरात... तथ्यात्मक विसंगती असून... तत्कालीन उत्पादन-निकषांच्या संदर्भात..."

"कळलं नाही, साहेब," मिस्त्री म्हणाला.

"कळलं नाही!" मागून कोरस उठला. कोणीतरी हसले. कोणी म्हणाले, "माणसांसारखं बोला की!"

तेव्हा भाऊ पुढे झाला. "साहेब, एवढंच सांगा. जाळी मी काढली होती?"

साहेबांनी ताईकडे पाहिले. ब्रश हातात धरून ती दाराशी, त्यांच्या वाटेतच उभी होती. तिच्या डोळ्यांत दयेचा ठिपकाही नव्हता.

"नाही," साहेब पुटपुटले.

"मोठ्यानं," ताई म्हणाली. "निकाल मोठ्यानं वाचला होता."

"नाही! मी काढायला लावली. माल लवकर निघावा म्हणून."

"आता शेवटची ओळ वाचा."

"चूक... त्याची नव्हती."

"चूक त्याची नव्हती!" पत्र्याचे छप्पर दणाणले. एकदा म्हणून भागेना. लोक पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, जसे नामाच्या गजरात टाळकरी थांबायला तयार नसतात.

सगळे पांगल्यावर साहेब जवळ आले. "बाई, मला माफ करा."

"माफी त्याच्याकडे मागा. माझ्याकडे नाही ती." ताईने रंगाच्या डब्याचे झाकण ठोकून बसवले. "आणि पाटी पुसायची असेल तर तुमच्या हातानं, दिवसाउजेडी, सगळ्यांसमोर पुसा. मी पुन्हा रंगवीन. मी आहे तोवर रंगवीन."

श्रोतेहो, क्षमा थोर खरीच. पण तो सूड पाहून देव रुसला असेल, असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. घरी जाताना भाऊ वाटेत थांबला. "ताई, म्हणजे माझी चूक खरंच..."

"नाही रे, राजा. कधीच नाही."

हे दयाघना, त्या बहिणीच्या हाताला कंप येऊ देऊ नकोस. त्या भावाला गाढ झोप दे. त्यांच्या घरात बोललेला शब्द साधा राहो, खरा राहो, आणि त्या उंबऱ्याच्या आत कोणाचीही मान खाली न जावो!