मावशीचा खालचा आवाज

मेथी निवडताना मावशी एक चाल गुणगुणते. तीन-चार सुरांत घुटमळणारी, कुठेही न पोचणारी. आम्ही भावंडं तिला बेसूर म्हणायचो. मी तर तोंडावर हसायचो. तिच्या तरुणपणी नगरच्या चर्चमध्ये कुणा इंग्रज संगीतकाराचं मोठं समूहगान बसवलं होतं, त्यात ती गायली होती. पुढे त्या गाण्याच्या वह्या हरवल्या, आणि विलायतेतही ते कुणी गाईनासं झालं.

परवा त्या समूहगानाचं नवं रेकॉर्डिंग निघाल्याचं मला दिसलं. मी फोन तिच्यापुढे भाजीच्या ताटाशेजारी ठेवला. चाळीस-पन्नास माणसं एकदम गाऊ लागली, आणि मावशी सवयीने गुणगुणू लागली. तीच चाल, पण आता ती वरच्या आवाजांखाली तुळईसारखी जाऊन बसली. चार गटांनी चार वेगळ्या चाली एकदम गायच्या त्या गाण्यात तिच्या वाट्याला खालचा आवाज आला होता, आणि तेवढाच तिने आयुष्यभर सांभाळला होता.

एखादी गोष्ट संपली म्हणून आपण हात झटकतो. तिचा एक तुकडा कुणाच्या तरी स्वयंपाकघरात रोज गायला जात असतो, आणि आपण त्यालाच हसत असतो. उरलेले तुकडे कधीतरी असे दूरदेशाहून चालत येतात.

“मावशी, इतकी वर्षं आम्ही तुला बेसूर म्हणालो गं,” मी म्हणालो.

“म्हणालात तर म्हणालात,” मेथीची जुडी सोडत ती म्हणाली. “मला बाकीचे सगळे आवाज ऐकू यायचे ना.”