पश्चिमेचे अकरा खड्डे

माळावरच्या त्या दगडांच्या रिंगणात आता सिमेंटचे चोवीस खांब उभे आहेत. झाडाच्या सालीसारखे दिसावेत म्हणून त्यांना तपकिरी रंग फासलाय, त्याचेही पोपडे सुटलेत. लोक खांबांच्या पुढे उभे राहून फोटो काढतात आणि मागे जाऊन लघवी करतात. एका खांबाला कुणीतरी चिकटवलेलं च्युइंगम चार वर्षांपासून तिथंच काळं पडत बसलंय. मी वर्षातून एकदा जातो, बघतो आणि शिसारी येऊन परत येतो. लोकांची नाही येत. लोकांनी माझं काय घोडं मारलंय? मला माझीच येते.

मी उत्खनन खात्यात बत्तीस वर्षं नकाशे काढले. जमिनीत काय सापडलं, कुठं सापडलं, किती खोल, ते मापून कागदावर उतरवायचं, एवढंच काम. पण सांगायचंय ते मामांबद्दल. मामा म्हणजे आमच्या खोदकामाचे मुकादम. खरे मामा ते कुणाचेच नव्हते, पण मोठ्या साहेबांपासून पाणी आणणाऱ्या बाईपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणायचे. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, सही करायची तर अंगठा. आणि मातीतलं इतकं कळायचं की आमच्यासारखे पदवीवाले त्यांच्यापुढे नुसते खोगीरभरती.

चरात उतरताना मामा चपला काढायचे आणि दुसऱ्यालाही काढायला लावायचे. एकदा साहेब बुटांसकट उतरले, तर मामा शांतपणे म्हणाले, "साहेब, तुमच्या टाचेखाली दोन हजार वर्षं गेली बघा." साहेब तोंड वाकडं करून बाहेर आले. आम्ही सगळे खाली मान घालून हसत होतो. मामा हसले नाहीत, ते साहेबांच्या टाचेचा ठसा करणीने सारखा करत बसले.

त्यांची एक पद्धत होती. खड्डा कधी पूर्ण उपसायचा नाही. आधी निम्मा उपसायचा, म्हणजे उरलेल्या निम्म्याची बाजू भिंतीसारखी उघडी पडते आणि आतले थर दिसतात. खांब कुठं कुजला, त्याला आधाराला दगड कुठं ठोकले होते, सगळं. मी ती बाजू कागदावर काढली की मगच राहिलेला निम्मा. कुणी घाई केली तर मामा त्याला दिवसभर घमेली वाहायला लावायचे. "एकदा उपसलेला खड्डा परत भरून बघता येत नाही, बाबा," एवढंच म्हणायचे. शिव्या त्यांच्या तोंडात नव्हत्या, त्यामुळे लोक त्यांना जास्तच घाबरायचे.

दगडांचं रिंगण सगळ्यांना आधीपासून माहीत होतं. माणसाच्या छातीएवढे ओबडधोबड दगड, गोल लावलेले, कुणी लावले ते कुणालाच ठाऊक नाही. मोठ्या साहेबांचं ठाम मत, की मधोमध कुणाला तरी पुरलंय. दोन हंगाम आम्ही मधोमध खणलं. साहेब छत्रीखाली खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकायचे. सापडली खापरं, आणि तीही दोन घमेली. तिसऱ्या हंगामात मामा म्हणाले, "पश्चिमेच्या अंगाला दगडांच्या आत जरा खरवडून बघू का? पायाला तिथं मऊ लागतं." साहेबांना दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून ते हो म्हणाले.

मामांनी वीतभर माती काढून जमीन अशी साफ केली की तिथं पंगत बसवावी. मग झारीने सगळीकडे सारखं पाणी शिंपडलं आणि उकिडवे बसून राहिले. अर्ध्या तासात ऊन लागून जमीन वाळली, फिकी पडली. एक ठिकाण तेवढं वाळेना. ताटाएवढं काळं गोल. जुना खड्डा असेल तर त्यातली भर पाणी धरून ठेवते, आजूबाजूची कोरी माती सोडून देते. त्यापुढे चार पावलांवर दुसरं गोल, मग तिसरं. तीन आठवड्यांत अकरा झाले, सुंदर बाक घेऊन. दगडांच्या आत कधीतरी लाकडाच्या खांबांचं रिंगण उभं होतं, आणि ते एका अंगठेबहाद्दर माणसाने झारीने शोधलं होतं.

प्रत्येक गोल दिसलं की मामा मला हाक मारून शेजारी बसवायचे आणि माझ्या कच्च्या कागदावर पेन्सिलीने टिंब मारून घ्यायचे, खाली तारीख. "आत्ताच मारा. उद्या मारलेलं टिंब खोटं असतं," म्हणायचे. मला वाटायचं, म्हातारा फारच चिकट आहे.

साहेबांच्या अंगात मात्र वारं शिरलं. त्यांनी अकरा खड्ड्यांच्या अंतरावरून हिशेब मांडला, की पूर्ण रिंगण चोवीस खांबांचं असणार. उरलेल्या तेरांच्या जागी त्यांनी पूर्वेकडे स्वतः खुंट्या ठोकल्या. दहा दिवसांनी परदेशी पाहुणे बघायला येणार होते. आणि नेमक्या त्याच आठवड्यात मामी घरात घसरून पडल्या, मांडीचं हाड मोडलं. मामा त्यांना घेऊन इस्पितळात गेले आणि गडी जावयाच्या हवाली करून गेले.

जावई काही वाईट माणूस नव्हता. मामांच्याच हाताखाली शिकलेला. पण त्याचा आणि सगळ्या गड्यांचा एक पक्का समज होता, की साहेबांनी खुंटी मारलीय म्हणजे खाली काहीतरी असणारच. नाही सापडलं तर खणणाऱ्याचा हात वाईट. झारी कुणी काढली नाही. निम्मा उपसायला वेळ कुणाला होता? मामांनी घासून घासून तयार केलेले हात ते. खुंटीच्या जागी त्यांनी गोल खणलं, तर गोलच निघणार ना? मऊ मातीत तुम्ही विश्वासाने खणा, हवा तसा खड्डा मिळतो. तेरा दिवसांचं काम त्यांनी आठ दिवसांत केलं. तेरा खड्डे, एकाहून एक देखणे. साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला.

मामा परत आले ते थेट माळावर. चपला काढल्या, बाराव्या खड्ड्याशी पालथे पडले आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. मग तेराव्यात. मग चौदाव्यात. असे चोविसाव्यापर्यंत गेले. जावई मागे मागे हसत चालला होता, ते हसू विसाव्याच्या आसपास कुठंतरी गळून पडलं.

"छान खणलंत," मामा उठून हात झटकत म्हणाले. "भिंतीला टिकावाचे दात लागतायत. कोरी माती आहे सगळी."

दुपारी ते माझ्या टेबलाशी आले. मी पक्का नकाशा शाईने काढायला घेतला होता. आमच्याकडे नियम असा, की प्रत्यक्ष सापडलं ते अखंड रेघेने काढायचं, आणि असावं असा नुसता अंदाज असेल ते तुटक रेघेने. मामांना अक्षर येत नव्हतं पण रेघ येत होती.

"ते तेरा तुटक काढा," ते म्हणाले.

"मामा, साहेबांनाच सांगा ना."

"साहेबांना सांगितलं तर ते विचारणार कुणी खणलं. जावयाला घालवतील. माझी लेक तिकडं, सासू-सासरे म्हातारे. तुटक काढलं तर कुणालाच काही विचारावं लागत नाही. साहेबांचा अंदाज साहेबांकडं राहील, आपलं खरं आपल्याकडं. एवढंच करा."

इतकं साधं मागणं. कुणाचं नाव नको, कुणावर ठपका नको, तेरा वर्तुळांची रेघ जरा मोडायची. मी साहेबांकडे गेलो. साहेब आरशासमोर टाय बांधत होते. म्हणाले, "नकाशेवाले, तुटक रेघ म्हणजे शंका. पाहुण्यांपुढे शंका मांडायची का? आणि हो, तेरा खड्ड्यांच्या बाजूही काढून द्या. निम्मे उपसले होते ना?"

निम्मे उपसले नव्हते, हे त्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं. मी "हो साहेब" म्हणालो.

त्या संध्याकाळी टेबलावर बसून मी तेरा खड्ड्यांच्या आतले थर मनाने काढले. कुजलेला खांब काढला. आधाराचे दगड काढले. सगळे सारखे दिसू नयेत म्हणून एकात दगड डावीकडे घेतला, एकात जरा तिरका खांब दाखवला. कलाकारी केली, कलाकारी! मध्ये चहा प्यायलो. आज तो दिवस आठवला की तोंडात कडू पाणी येतं.

मामांनी पुन्हा तो विषय काढला नाही. फक्त माझ्या शेजारी बसणं सोडलं. पुस्तक निघालं, त्यात साहेबांचा फोटो, नकाशाखाली माझी सही, आणि मामांचं नाव आभारातसुद्धा नाही. "स्थानिक मजूर" एवढं होतं. पुढे खात्याने तिथं खांब बसवायचं ठरवलं. कंत्राटदाराने सिमेंट ओतायला सगळे खड्डे दुप्पट रुंद केले. मामा उन्हात उभे राहून सांगत होते, पश्चिमेचा निदान एक तरी तसाच ठेवा. कंत्राटदार म्हणाला, "बाबा, ऑर्डर चोवीसची आहे." मी तिथंच होतो. मूग गिळून.

मला त्या नकाशाने बढती दिली. निवृत्त झाल्यावर मी घरच्या पुढच्या खोलीत नकाशे शिकवायची शिकवणी काढली. मुलामुलींना सांगायचो, बाळांनो, दिसतं तेच काढा. माझ्या जिभेला हाड नव्हतंच.

मग मागच्या वर्षी खात्यात नव्या बाई आल्या. त्यांनी एक खांब तात्पुरता काढून पाहिला, सतरावा. तिथं सिमेंट वरवरच भरलं होतं, खाली खड्ड्याचा तळ शाबूत होता आणि त्यावर टिकावाचे दात. झालं. पेपरात बातमी आली, "मजुरांनी बनवलेलं प्राचीन वर्तुळ". मोठे साहेब कधीच वारले होते, मेलेल्याला कोण विचारणार? चोर सोडून संन्याशाला फाशी. सतरावा खोटा तर चोवीसही खोटे, असा सगळ्यांनी अर्थ काढला. मामा तेव्हा अठ्ठ्याहत्तरचे. दुकानात गेले तर लोक म्हणायचे, "मामा, आमच्या अंगणातही एक रिंगण काढून द्या की." ज्या माणसाने जन्मात एक खोटा खड्डा खणला नाही, त्याला.

मामा बाईंच्या कचेरीत जाऊन दोन दिवस बाकावर बसले. तिसऱ्या दिवशी बाईंनी आत बोलावलं, ऐकून घेतलं, आणि मला फोन करून आम्हा दोघांना माळावर नेलं. बाई सरळ होत्या. त्यांनीही चपला काढल्या, कुणी न सांगता.

"पूर्वेचे तेरा खोटे," मामा म्हणाले. "माझ्या जावयाने खणले, आता तो दुसऱ्या कामाला आहे म्हणून सांगतो. मला कळलं होतं आणि मी चारचौघांत बोललो नाही, ती माझी चूक, लिहून घ्या. पण पश्चिमेचे अकरा खरे आहेत."

"मामा, माझा विश्वास आहे," बाई म्हणाल्या, "पण कंत्राटदाराने काही ठेवलंच नाही. नुसत्या तोंडी शब्दावर मला काही छापता येणार नाही. त्या वेळचा एखादा कागद हवा."

"आहे ना," मामा म्हणाले. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. इतक्या वर्षांनी ते माझ्याकडे वळून नीट बघत होते. "यांच्याकडं कच्चा कागद आहे. अकरा टिंबं, खाली तारखा. पूर्वेला कोरा. मीच शेजारी बसून करून घेतलाय."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "आहे तुमच्याकडे?"

होता. घरी, कपाटाच्या वरच्या कप्प्यात, नळकांड्यात गुंडाळलेला. तो दाखवला की अकरा खड्डे वाचत होते, मामा वाचत होते. आणि पूर्वेचा कोरा भाग माझ्या सहीच्या नकाशाशेजारी ठेवला की तेरा खड्ड्यांच्या आतले थर कुणी पैदा केले ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं. शिकवणीतली मुलं, त्यांचे आईबाप, शेजारी, माझी सून. सगळे एका क्षणात डोळ्यांपुढून गेले.

"नाही हो," मी म्हणालो. "कच्चे कागद आम्ही ठेवत नसू."

मामांनी वाकून चपला घातल्या. परत येताना गाडीत ते खिडकीबाहेर बघत राहिले, आणि बाईंनी विचारलं तेव्हा पाय दुखतोय म्हणाले.

घरी येऊन मी तो कागद काढला, फाडला, तुकडे भिजवून त्यांचा लगदा केला आणि भाजीच्या सालांबरोबर कचऱ्यात टाकला. मामा पुढच्या महिन्यात गेले. मी त्यांच्या घरी भेटायला गेलो होतो. त्यांच्या लेकीने पाणी दिलं, आणि म्हणाली, तुम्ही आलात, बरं वाटलं. बाबा म्हणायचे, आमच्या नकाशेवाल्यांचा फार नेटका हात.

आता मी सगळ्यांना सांगत सुटलोय. बाईंना दोन पत्रं पाठवली, की पश्चिमेचे अकरा खरे आहेत, मी डोळ्यांनी पाहिलेत. त्यांनी नम्रपणे उत्तर दिलं, की आपल्या सहीचा जो नकाशा उपलब्ध आहे त्यात चोवीसही खड्डे एकाच रेघेने काढलेले आहेत, तरी आपलं म्हणणं ग्राह्य धरता येत नाही.