एका हातात लगाम

घोडी वरातीची होती. आमच्या रायडिंग क्लबच्या मालकांनी ती गावातल्या सुपेला भागातल्या एका घोडीवाल्याकडून आणली तेव्हा तिच्या कपाळावर जरीच्या पट्ट्याने घासलेली खूण होती, आणि जागच्या जागी पाय नाचवायची सवय. इतके सुंदर पाय उचलणारी घोडी ड्रेसाजला चांगली, असं मालकांना वाटलं. ड्रेसाज म्हणजे आखलेल्या मैदानात घोड्याला ठरलेल्या चाली चालवायच्या, त्याही अशा की स्वार काहीच करत नाही असं बघणाऱ्याला वाटावं. मला हा खेळ त्यासाठीच आवडला. कोणाशी बोलावं लागत नाही आणि जे करायचं ते कोणाला दिसत नाही.

आमच्या रिसाली वस्तीतल्या घरी मात्र सगळ्यांना दिसलं. घोडेस्वारीची विजार तारेवर वाळत होती.

"घोडीवर तर नवरदेव बसते," आई म्हणाली. "तू कावून बसून राहिली?"

बाबा स्टील प्लान्टमधून नुकतेच आले होते. हेल्मेट खुंटीला लावत म्हणाले, "बसू दे ना तिले. जावयाले पायदळ आणू."

क्लबात शिकवणारे आमचे सर नागपूरकडचे, फौजेच्या घोडदळातून निवृत्त झालेले. ते पहिल्या दिवसापासून माझ्याशी घरच्यासारखं मराठी बोलायचे. मी उत्तर हिंदीत द्यायचे. शाळा इंग्रजी, मैत्रिणी हिंदी. मराठी मला घराबाहेर काढायची सवयच नव्हती.

घोडी चालायची छान, वळायची छान. थांबायची मात्र नाही. ड्रेसाजची परीक्षा सुरू होते ती मैदानाच्या मधोमध थांबून केलेल्या सलामीने. लगाम डाव्या हातात घ्यायचा, उजवा हात खाली सोडायचा, मान झुकवायची. तेवढा वेळ घोड्याने पुतळ्यासारखं उभं राहायचं. मी थांबवलं की हिचे पाय नाचायला लागायचे. मग मी लगाम आणखी आवळायचे आणि कशीबशी मान हलवून सलामी उरकून टाकायचे.

"हात ढिला कर," सर ओरडायचे.

"ढीला ही है, सर," मी म्हणायचे. मला खरंच तसं वाटायचं.

लग्नं सुरू झाली आणि घोडीवाला घोडी परत मागायला लागला. मालकांनी सरांना सांगितलं, रविवारी येऊन बघतो. उभी राहत नसेल तर देऊन टाकू. मी तबेल्यातून निघाले की ती माझ्या पाठीवर नाक घासायची. त्या आठवड्यात मी तिच्याकडे नीट बघूही शकले नाही.

शनिवारी संध्याकाळी सुपेल्याच्या चौकात माझी स्कूटी एका वरातीमागे अडकली. सगळे हॉर्न वाजवत होते. मी नवरदेवाकडे नाही, घोडीकडे बघत बसले. घोडीवाल्याने लगाम तिच्या हनुवटीखाली आखूड, ताणून धरला होता आणि घोडी नाचत होती. मध्येच त्याचा गमछा सुटला. तो बांधायला त्याने लगाम सैल सोडला. बँड तसाच जोरात वाजत होता, फटाके फुटत होते, आणि घोडी थांबली. मान खाली घालून उभी राहिली. गमछा बांधून त्याने पुन्हा लगाम ताणला तशी नाचायला लागली.

इतके महिने मी तिला थांब म्हणत नव्हते. नाच म्हणत होते.

रविवारी मालक खुर्ची टाकून बसले होते. कोणी बघत असलं की माझी बोटं आपोआप आवळतात. वर्गात वाचायला उभं केलं की पुस्तकाची पानं चुरगळायची तशी. मी मधोमध आले, थांबवलं. घोडीने पुढचा पाय उचलला. माझ्या बोटांना सगळं आवळून धरायचं होतं. मी लगाम डाव्या हातात घेतला, तो हात पुढे देऊन लगाम सैल केला आणि उजवा खाली सोडला. मान झुकवली. आता तिला धरणारं काही नव्हतं. खाली बघताना मला तिचा पाय दिसत होता, अधांतरी. मग तो जमिनीवर आला. तिने लांब श्वास सोडला आणि मान खाली केली.

"सो गई क्या?" मालकांनी विचारलं.

"नाही साहेब, उभी हाय," सर म्हणाले.

मालक खुर्चीतून उठले. "ठीक है. घोड़ीवाले को बोल देता हूँ, दूसरी देख ले."

सर मैदानात चालत आले. "काय केलं तू आज?"

"काल सुपेल्याले वरात पाहिली," मी म्हणाले. घरात बोलते तसं, मोठ्याने.

सर हसले. "नाचली का तू?"

"नाही. घोडीले पाहून राहिली होती."

घोडी अजून उभीच होती. पुढे चाल म्हणून तिला सांगायचं मीच विसरले होते.