पाठपोट पान

अंबलवाणनअण्णांच्या घरी सांबार राजकन्येतून वाढतात. अण्णा तिरुनेलवेलीच्या रथवीथीत भांड्यांच्या दुकानात नावं घालायला बसतात. गिऱ्हाइकांच्या भांड्यांवर त्यांच्या लेकीजावयांची नावं, स्वतःच्या घरात मात्र गोष्टीतल्या बायकांची. सांबाराच्या पातेल्यावर राजकन्या पवळनाच्ची, घागरीवर कुठल्याशा सिनेमातली दरोडेखोरीण, आणि मुरुक्कूच्या, म्हणजे चकल्यांच्या, डब्यावर टीव्हीवरच्या मालिकेतली खाष्ट सासू. डबा उघडताना झाकण कुरकुरायचं, त्यामुळे ते नाव त्याला शोभून दिसायचं.

"एवढ्या बायका आणून ठेवल्यात घरात," अण्णांची बायको उलगम्मावहिनी म्हणायची, "त्यांतल्या एकीला तरी सांगा डोसे घालायला!"

मी वडिवु, शेजारीण. आमची भिंत एकच आहे आणि कान मला देवाने तीक्ष्ण दिलेत, त्यात माझा काय दोष?

त्या घरी दर आठवड्याला एक साप्ताहिक यायचं. त्यात दोघांच्या दोन चालू कादंबऱ्या. अण्णांची समुद्रावरची, पवळनाच्ची नावाच्या राजकन्येची. वहिनीची राजमची, नवऱ्याचं घर सोडून खानावळ काढलेल्या बाईची. आमच्याकडे अशी पानं फाडून जपतात आणि गोष्ट संपली की बांधून घेतात. घराघरात अशी पुस्तकं असतात, मध्येच केशतेलाच्या जाहिराती असलेली. पण छापणाऱ्याने काय खोडी करावी? अण्णांच्या प्रकरणाचा शेवट ज्या पानावर, त्याच पानाच्या पाठीवर वहिनीच्या प्रकरणाची सुरुवात. पान एक, मालक दोन.

मग ओट्यावर वादसभा भरायची, पोंगलला टीव्हीवर भरते तशीच. एका टोकाला अण्णा, दुसऱ्या टोकाला वहिनी, मध्ये न्यायाधीश म्हणून मी. त्या आठवड्यात कुणाची गोष्ट जास्त रंगली यावर दोघं भांडायची आणि जिंकेल त्याला पान मिळायचं. दोघांनी वाचून झाल्यावरच सभा, हा नियम. अण्णा तावातावाने जहाजं बुडवायचे. वहिनी शांतपणे म्हणायची, "न्यायाधीशबाई, ह्यांच्या जहाजावर स्वयंपाक कोण करतं ते विचारा. तीन आठवडे झाले, कुणी जेवलेलं नाही." मुरुक्कूचा डबा त्या दिवशी ज्याच्या हातात, निकाल त्याच्या बाजूने. न्यायाधीशालाही पोट असतं.

आडी महिन्यात, आषाढाच्या सुमारास, एका सकाळी वहिनी पीठ वाटायला वाकली ती उठली नाही.

अण्णा रडले नाहीत. कोविलपट्टीहून त्यांची बहीण आली, ती गळ्यात पडून रडली, तेव्हा तिच्या खांद्यावरून त्यांनी मला विचारलं, "वडिवु, मोठा तांब्या कुठे असतो?" बायका म्हणाल्या, दगड आहे. मी म्हटलं, दगडाला निदान ऊन लागल्याचं कळतं.

पुढेही तसंच. दुकानात जायचे, नावं कोरायचे, परत यायचे. संध्याकाळी वहिनीच्या मालिकेच्या वेळेला टीव्ही लावून समोर बसायचे. एकदा मी भिंतीवरून विचारलं, "अण्णा, घातलं का सासूने विष?"

"कुणास ठाऊक. बघत होतो."

साप्ताहिक येतच राहिलं. अण्णा पानं फाडायचे, आपली गोष्ट वाचायचे आणि तीन गठ्ठे लावायचे. आपला, तिचा आणि मधला. मधल्यात ती पाठपोट पानं, आपल्या बाजूने वाचलेली. पान उलटून तिची बाजू त्यांनी कधी वाचली नाही. तिच्याआधी तिची गोष्ट वाचायची नाही, हा त्यांच्या घरचा कायदा.

पोंगलच्या आसपास दोन्ही गोष्टी संपल्या. मीच अण्णांना मशिदीमागे मीरानभाई बाइंडरांकडे घेऊन गेले.

"हा गठ्ठा एका पुस्तकाचा, हा दुसऱ्याचा," भाई म्हणाले. "आणि हा मधला कुठे लावू?"

मी कोपरखळी मारली, "आता काय, अण्णा, मैदान मोकळं! सगळी पानं तुमचीच. लावा हो भाई, ह्यांच्याच पुस्तकात." मला वाटलं, चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं.

"वडिवु," ते म्हणाले, "सभा भरव."

"इथे? आणि मुरुक्कू?"

"नाहीत."

"बरं. बोला, पहिली बाजू."

अण्णा भिंतीकडे बघत बोलले. "पवळनाच्चीच्या जहाजाला आग लागते. हे पान गेलं तर पुढे काय झालं ते पुस्तकात राहणार नाही. संपलं."

"आता समोरची बाजू," माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, आणि मी जीभ चावली.

अण्णा उठले. पलीकडच्या स्टुलावर जाऊन बसले. आवाज तोच, सपाट. "ह्यांनी ह्यांची गोष्ट वाचली आहे, न्यायाधीशबाई. मी माझी वाचलेली नाही. राजमने खानावळ विकली की नाही, मला माहीत नाही. प्रकरणाचं पहिलं पानच नसलं तर मी सुरू कुठून करू?"

मीरानभाईंचा खळीचा ब्रश हातातच राहिला.

"निकाल दे," अण्णा म्हणाले.

मी आयुष्यात पहिल्यांदा काहीही न खाता निकाल दिला. पानं वहिनीची.

"पण अण्णा," भाई म्हणाले, "तुमच्या पुस्तकात मग प्रकरणांना शेवटच उरणार नाहीत. असलं पुस्तक वाचणार कोण?"

"ही आहे ना. हिला फुकटचं काहीही चालतं."

नवीन बांधलेलं वहिनीचं पुस्तक तिच्या पाटावर ठेवलंय. अण्णांनी ते उघडलेलं नाही. मीही मागितलेलं नाही, आणि माझ्यासारखीने न मागणं म्हणजे काय ते आमच्या गल्लीला विचारा. अण्णांचं मात्र मी त्याच संध्याकाळी उचलून आणलं. निम्मं छान गेलं; वहिनीने जिंकलेली पानं त्यात नव्हती, पण ती मी सभेत ऐकलेली. मग आडीनंतरची प्रकरणं आली, सगळी शेपूट तुटलेली.

मी भिंतीपाशी गेले. पलीकडे टीव्ही चालू होता.

"अहो अण्णा! जहाजाला आग लागली आणि पान संपलं. पुढे?"

"बुडालं."

"कोण?"

"जहाज."

"आणि पवळनाच्ची? ती गेली की काय?"

मालिकेतली कुणीतरी बाई रडत होती. अण्णांनी आवाज कमी केला.

"पोहली."

"एवढंच? तिथे चांगला पाऊण पान मजकूर असेल हो, अण्णा! न्यायाधीशाला असं दोन शब्दांत वाटेला लावता?"

पलीकडे टीव्ही बंद झाला. मला वाटलं, उठून गेले.

"पाणी फार गार होतं," भिंतीपलीकडून अण्णा म्हणाले.